मुंबईहून पहिल्यांदा विमानाने जाताना: तिकिटापासून बाहेरच्या टॅक्सीपर्यंत

रेल्वे, एसटी आणि लोकल यांची सवय असलेल्या प्रवाशाला विमानप्रवासातील एक गोष्ट फार उशिरा अंगवळणी पडते. ती अशी की, विमान सुटण्याच्या वेळेला विमानतळावर पोहोचणे म्हणजे विमान चुकणे होय. सकाळी सातचे विमान असेल, तर सामान स्वीकारणारा काउंटर साधारणपणे सहा वाजता बंद होतो, विमानाकडे जाणारे दार साडेसहाच्या थोडे पुढे बंद होते आणि सात वाजता विमान जागा सोडते. सुटलेल्या लोकलचा दांडा धरून आत शिरावे तशी सोय येथे नाही.

हा लेख मुंबईहून पहिल्यांदा, देशांतर्गत विमानाने, साध्या श्रेणीतून जाणाऱ्यांसाठी आहे. परदेशप्रवासात इमिग्रेशन आणि कस्टम्स हे आणखी टप्पे येतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही. विमानतळाच्या आत गेलेला माणूस फलक, रांगा आणि कर्मचारी यांच्या मदतीने सहसा योग्य ठिकाणी पोहोचतोच. गडबड होते ती त्याआधी: तिकीट नीट न वाचल्यामुळे, भलत्याच इमारतीपाशी उतरल्यामुळे किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकून पडल्यामुळे. म्हणूनच या लेखाचा मोठा भाग विमानतळाच्या दारापर्यंत पोहोचण्याविषयी आहे.

तिकिटावर काय वाचावे

पहिली गोष्ट नाव. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळले पाहिजे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लिहिण्याची रीत आहे, तर तिकिटाच्या अर्जात बहुधा दोनच रकाने असतात. मधले नाव गाळले म्हणून सहसा अडत नाही. पहिले नाव आणि आडनाव मात्र ओळखपत्राप्रमाणेच हवे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत घोटाळा नेमका येथे होतो. तिकीट काढणारा दीर किंवा भाचा सासरच्या आडनावाने तिकीट काढतो आणि आधार कार्डावर मात्र अजून माहेरचे आडनाव असते. त्यामुळे तिकीट काढणाऱ्याने ओळखपत्र समोर ठेवूनच अर्ज भरावा. चूक राहिलीच, तर विमान कंपनीला त्याच दिवशी कळवावे. ती दुरुस्ती प्रवासाच्या सकाळी काउंटरवर करून घेण्याच्या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट तारीख, आणि मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे रात्रभर विमाने सुटत असतात, तेथे ती विशेष जपून वाचावी लागते. तिकिटावरील वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे असते आणि मध्यरात्री बारानंतर तारीख बदलते. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० अशी वेळ असेल, तर घरातून १४ तारखेच्या रात्री जेवण उरकून निघायचे आहे. बोलताना आपण त्या रात्रीला चौदाचीच रात्र म्हणतो, त्यामुळे पंधराच्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर हजर होणारी कुटुंबे असतात आणि त्यांचे विमान जवळजवळ चोवीस तासांपूर्वी गेलेले असते. अशा तिकिटाच्या बाबतीत घरातील दिनदर्शिकेवर विमानाची नव्हे, तर घरून निघण्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.

तिसरी गोष्ट विमानतळ आणि इमारत. हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

कोणते विमानतळ, कोणती इमारत

आता मुंबईचे तिकीट म्हटल्यावर एकच विमानतळ गृहीत धरता येत नाही. उलवे येथील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुटू लागली आहेत. तिकीट शोधताना दोन्ही ठिकाणची विमाने एकाच यादीत दिसू शकतात आणि स्वस्त भाड्याच्या नादात कोणते विमानतळ निवडले हे लक्षात येत नाही. प्रत्येक विमानतळाची तीन अक्षरी खूण तिकिटावर छापलेली असते: जुन्या विमानतळाची बीओएम आणि नवी मुंबईची एनएमआय. पनवेल, खारघर, बेलापूर किंवा उरण येथील प्रवाशाला नवे विमानतळ जवळचे आहे, आणि दक्षिण मुंबईतून शिवडीमार्गे अटल सेतूवरून तेथे जाता येते. बोरिवली-दहिसरच्या माणसाने मात्र भाड्यात वाचणारे पैसे आणि टॅक्सीला लागणारे पैसे यांचा हिशेब करूनच ते तिकीट घ्यावे.

जुने, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ हे एकच विमानतळ असले, तरी त्याच्या दोन इमारती रस्त्याने एकमेकींपासून चार-पाच किलोमीटर दूर आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले पूर्वेला, पश्चिम द्रुतगती मार्गालगत आहे आणि तेथून देशांतर्गत विमाने सुटतात. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार येथे आहे. २०१४ साली सुरू झालेल्या या इमारतीतून आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत अशी दोन्ही प्रकारची विमाने सुटतात. एअर इंडियाचा देशांतर्गत प्रवासी टर्मिनल २ वर जातो, तर इंडिगोची विमाने दोन्ही इमारतींतून सुटत आली आहेत, त्यामुळे केवळ कंपनीच्या नावावरून इमारत ठरवू नये. आपल्या तिकिटावर टी१ आहे की टी२, हे पाहावे आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पुन्हा एकदा पडताळून घ्यावे, कारण कंपन्या मधूनमधून इमारत बदलतात.

रिक्षा किंवा टॅक्सीत बसताना "डोमेस्टिक" किंवा "इंटरनॅशनल" असे सांगण्याची जुनी सवय मुंबईत अजून आहे आणि तीच अनेकांना नडते. चालकाच्या लेखी डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझचे विमानतळ, अर्थात टर्मिनल १, आणि इंटरनॅशनल म्हणजे सहार. तुमचे नागपूरचे विमान देशांतर्गत असूनही टर्मिनल २ वरून सुटत असेल आणि तुम्ही "डोमेस्टिक" म्हणालात, तर तो तुम्हाला प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी नेऊन सोडेल. तेव्हा "टी वन" किंवा "टी टू" एवढेच सांगावे.

चुकून दुसऱ्या इमारतीपाशी उतरलातच, तर घाबरून न जाता आधी घड्याळ पाहावे. मेट्रो ३ ची स्थानके दोन्ही इमारतींपाशी आहेत आणि टर्मिनल १ ते टर्मिनल २ यांच्यामध्ये सहार रोड हे एकच स्थानक लागते. गर्दीच्या वेळी रस्त्याने जाण्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे.

घरून कधी निघावे

"तीन तास आधी पोहोचा" हा सल्ला सरसकट दिला जातो. देशांतर्गत प्रवासासाठी तो मला अनावश्यक वाटतो, कारण त्यातील तिसरा तास खुर्चीवर बसून महागडा चहा पिण्यात जातो. विमानाच्या वेळेआधी दोन तास इमारतीच्या दारात उभे राहता येईल असा बेत करावा. सणासुदीत, मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत किंवा सोबत वृद्ध आणि लहान मुले असतील, तर त्यात अर्धा तास मिळवावा. खरा प्रश्न त्या दोन तासांच्या अलीकडचा आहे. त्याचे उत्तर तुम्ही कोठे राहता, कोणत्या दिवशी निघता आणि पाऊस आहे की नाही, यांवर अवलंबून असते.

मध्य रेल्वेवरील कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याच्या प्रवाशाला दिवसा एक चांगला मार्ग उपलब्ध आहे. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका गाठावा, तेथे मेट्रो ३ मध्ये बदलावे आणि पुढच्याच स्थानकावर टर्मिनल २ साठी उतरावे. टर्मिनल १ ला जायचे असेल, तर त्याच गाडीने आणखी दोन स्थानके पुढे जावे. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्याने टर्मिनल १ साठी विलेपार्ल्याला उतरून पूर्वेकडून रिक्षा करावी. टर्मिनल २ साठी अंधेरीहून मेट्रो १ किंवा रिक्षा सोयीची पडते. कफ परेड, चर्चगेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गिरगाव, वरळी किंवा दादर येथील माणसाला तर मेट्रो ३ एका बैठकीत दोन्ही इमारतींपाशी आणून सोडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यापासून गिरगावकरांचा विमानतळाकडे जाण्याचा हिशेबच बदलला आहे. ही गाडी भुयारातून जाते आणि तेथे मोबाइलला नेटवर्क मिळेलच असे नाही. म्हणून तिकीट आणि बोर्डिंग पास (विमानात बसण्याचा परवाना; तो कसा मिळतो ते पुढे येईल) आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावेत.

या सर्व सोयीला मर्यादा आहेत. मेट्रो रात्रभर चालत नाही, त्यामुळे पहाटे सहा-सातच्या विमानाला ती उपयोगी पडत नाही. सकाळच्या गर्दीच्या वेळी मुंबईकडे येणाऱ्या लोकलमध्ये दोन मोठ्या बॅगा घेऊन चढणे म्हणजे स्वतःचे आणि सहप्रवाशांचेही हाल करणे होय. अशा वेळी टॅक्सीला पर्याय नाही. पहाटेच्या विमानासाठी ॲपवरून टॅक्सी आदल्या रात्री ठरवली असली, तरी ती येईलच हे गृहीत धरू नये. ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा किंवा शेजाऱ्याच्या गाडीचा पर्याय मनात असावा. टर्मिनल २ कडे जाणाऱ्या सहार उन्नत मार्गावर रिक्षांना परवानगी नाही. रिक्षा खालच्या रस्त्याने येते आणि मग प्रवाशाला सामानासह लिफ्टने वर, प्रस्थानाच्या मजल्यावर जावे लागते. त्यासाठी दहा मिनिटे अधिक धरावीत.

पावसाळ्यात हा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो. जोराच्या पावसात अंधेरीचा सबवे आणि सांताक्रूझचा मिलन सबवे पाण्याखाली जातात, पूर्व-पश्चिम वाहतूक थोड्याच रस्त्यांवर येऊन पडते आणि द्रुतगती मार्ग कासवगतीने चालू लागतो. मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर एरवीपेक्षा एक तास आधी निघावे. पाऊस पाहून "विमानही उशिराच सुटेल" असा अंदाज बांधून घरी थांबू नये, कारण विमानाला उशीर झाला, तरी काउंटर बहुतेक वेळा मूळ वेळेप्रमाणेच बंद होतो.

मुंबईत विमाने का रखडतात, हेही जाता जाता सांगण्यासारखे आहे. जुन्या विमानतळाला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र वापर करता येत नाही आणि बहुतेक सर्व भार एकाच धावपट्टीवर पडतो. पावसामुळे दोन विमानांमधील अंतर वाढवावे लागले, की मागची रांग लांबत जाते. शिवाय पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर देखभालीसाठी या धावपट्ट्या दिवसा काही तास पूर्णपणे बंद ठेवतात. ती तारीख आधीच जाहीर होत असल्याने कंपन्या आपले वेळापत्रक त्याप्रमाणे बदलतात, पण जुन्या तिकिटाची वेळ त्यात सरकली आहे का, हे आपले संदेश पाहून प्रवाशालाच लक्षात ठेवावे लागते.

सामान

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलोपर्यंत सामान विमानाच्या पोटात ठेवण्यासाठी घेतात आणि ७ किलोपर्यंतची एक बॅग हातात नेऊ देतात. स्वस्त तिकिटांमध्ये कधी कधी केवळ हातातील बॅगेचीच मुभा असते, म्हणून तिकिटावरील सामानाचा रकाना वाचावा. वजन घरीच करावे. बॅग टांगून वजन दाखवणारा छोटा काटा बाजारात मिळतो आणि तो नसेल, तर बॅग हातात घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. वजन जास्त भरणारच असेल, तर जादा किलोचे पैसे आधी ऑनलाइन भरणे काउंटरवर भरण्यापेक्षा स्वस्त पडते. काउंटरसमोर बॅग उघडून साड्या आणि डबे इकडून तिकडे हलवणारी कुटुंबे सुट्टीच्या दिवसांत हमखास दिसतात. मागे रांग तिष्ठत असते आणि घरातील गोष्टी चारचौघांत बाहेर पडतात.

काय कोठे ठेवावे, याचे दोन मुख्य नियम आहेत. धारदार वस्तू हातातील बॅगेत चालत नाहीत आणि पॉवर बँक किंवा सुट्या लिथियम बॅटऱ्या पोटातील बॅगेत चालत नाहीत. पहिल्या नियमात चाकू आणि कात्री येतात हे सर्वांना माहीत असते, पण आजीच्या पानाच्या डब्यातील अडकित्ता, शिवणाच्या पिशवीतील कात्री किंवा सफरचंद कापण्यासाठी डब्याबरोबर ठेवलेली सुरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ती तपासणीत काढून टाकावी लागते. अडकित्ता पितळेचा आणि पणजीपासून चालत आलेला असेल, तर त्याचे काय दुःख होते ते त्या घरालाच ठाऊक. तो आधीच मोठ्या बॅगेत टाकावा. दुसऱ्या नियमाकडे दुर्लक्ष केले, तर मोठी बॅग यंत्रातून जाताना अडते, नाव पुकारून प्रवाशाला परत बोलावतात आणि त्याच्यासमोर ती उघडून पॉवर बँक बाहेर काढावी लागते. यात अर्धा तास सहज जातो. काडेपेटी आणि लायटर कोणत्याच बॅगेत ठेवू नयेत.

खाण्याच्या पदार्थांबाबत आपल्याकडील प्रवाशाला सर्वाधिक शंका असतात. पोळी-भाजी, दशम्या, चिवडा, लाडू, पुरणपोळ्या हातातील बॅगेतून नेण्यास हरकत नसते, आणि विमानतळावरील खाण्याचे दर पाहता घरचा डबा नेण्यात कसलाही कमीपणा मानू नये. लोणचे, तूप, तेल आणि मिरचीपूड किंवा मसाले मात्र नीट बंद करून मोठ्या बॅगेत ठेवावेत. बरणीभोवती प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळावे, कारण बॅगा हाताळताना आदळतात. सुके खोबरे तेलकट आणि ज्वालाग्राही मानले जाते, त्यामुळे ते नेण्याचा विचार सोडून द्यावा. नारळही हातातील बॅगेत अडवला जातो, हे देवदर्शनाहून परतणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. औषधे, दागिने, घराच्या किल्ल्या, कागदपत्रे आणि लॅपटॉप नेहमी हातातच असावेत.

वेब चेक-इन आणि दारातील तपासणी

विमान कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रवासाआधी चेक-इन, म्हणजे आपण प्रवासाला येत असल्याची नोंद, करता येते. त्यासाठी तिकिटावरील सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव पुरते. ते आदल्या दिवशी करावे, म्हणजे बोर्डिंग पास मोबाइलवर येतो. आसन निवडताना कंपनी पैसे मागते; पैसे न भरता पुढे जाण्याचा पर्याय बहुधा पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात असतो, तो शोधावा. फक्त हातातील बॅग असलेल्या प्रवाशाला मग काउंटरवर जाण्याचीही गरज राहत नाही.

इमारतीच्या दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी मूळ ओळखपत्र हवे. त्याची झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेले छायाचित्र चालत नाही. एम-आधार ॲपमधील आधार मात्र चालते. आई-वडिलांसोबत असलेल्या लहान मुलांना वेगळे ओळखपत्र मागत नाहीत, तरी दोन वर्षांखालील बाळाच्या वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ ठेवावा. डिजियात्रा ॲपवर आधारद्वारे नोंदणी करून बोर्डिंग पास जोडला, तर चेहरा ओळखणाऱ्या यंत्राच्या वेगळ्या दारातून आत जाता येते. हे ऐच्छिक आहे; रांग लांब असते तेव्हा त्याचा उपयोग होतो, पण मूळ ओळखपत्र तरीही जवळ असावे.

तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे निरोप दाराबाहेरच घ्यावा लागतो. एकट्याने प्रथमच जाणाऱ्या आई-वडिलांची काळजी वाटत असेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करावी. चालता येत असले, तरी गुडघे दुखत असतील तर संकोच करू नये. टर्मिनल २ मध्ये चालावे खूप लागते. ही सेवा घेतल्यास कंपनीचा माणूस काउंटरपासून विमानाच्या दारापर्यंत सोबत असतो. ऐन वेळी मागितली तर खुर्ची मिळण्यास उशीर होतो. याशिवाय एका कागदावर मराठीत विमानाचा क्रमांक, वेळ, उतरण्याचे ठिकाण आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहून तो कागद त्यांच्या खिशात किंवा पर्समध्ये द्यावा, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हा संपते.

काउंटर, सुरक्षा तपासणी आणि गेट

आत गेल्यावर मोठ्या फलकावर आपल्या विमानाच्या क्रमांकासमोर काउंटरचे क्रमांक दिसतात. विमान शोधताना गावाच्या नावावर विसंबू नये, क्रमांक पाहावा. दिल्लीला एका तासात अनेक विमाने सुटतात. काउंटरवर मोठी बॅग दिली, की तिच्यावर पट्टी लावतात आणि तिचा छोटा तुकडा तुमच्या हाती देतात. बॅग हरवली तर तोच तुकडा उपयोगी पडतो, म्हणून तो ओळखपत्रासोबत ठेवावा.

सुरक्षा तपासणीत मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, पाकीट, पट्टा, घड्याळ, सुटी नाणी हे सारे ट्रेमध्ये काढून ठेवायचे असते. रांगेत उभे असतानाच या वस्तू बॅगेच्या एका कप्प्यात गोळा केल्या, तर ट्रेपाशी धांदल होत नाही. स्त्रियांची तपासणी महिला जवान पडद्याआड करतात. पाण्याची बाटली रिकामी नेऊन आत भरून घेणे सर्वांत सोयीचे. आपला ट्रे यंत्रात जाताना आणि बाहेर येताना नजरेसमोर राहील असे पाहावे. आपण किती ट्रे ठेवले ते मोजून ठेवावे आणि तेवढे उचलल्याशिवाय पुढे जाऊ नये. घाईत एक ट्रे मागे राहतो आणि त्यात बहुधा पाकीट किंवा घड्याळ असते.

बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात: विमानात बसवण्यास सुरुवात होण्याची आणि विमान सुटण्याची. तुमच्या उपयोगाची वेळ पहिली आहे. गेट, म्हणजे विमानाकडे जाणारे दार, साधारणपणे विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते. बोर्डिंग पासवर छापलेले गेट नंतर बदलू शकते आणि प्रत्येक बदलाची घोषणा ध्वनिक्षेपकावरून होईल या भरवशावर बसू नये. दर पंधरा मिनिटांनी फलक पाहावा. टर्मिनल २ मध्ये तपासणीपासून दूरच्या गेटपर्यंत चालत दहा मिनिटे लागू शकतात, तेव्हा दुकाने पाहायची तर आधी गेट शोधून ठेवावे आणि मग मागे यावे. काही गेटांवरून थेट पुलाने विमानात जाता येते, तर काहींवरून बसने धावपट्टीच्या परिसरात उभ्या असलेल्या विमानापर्यंत नेतात. बसचे गेट असेल, तर पावसाळ्यात छत्री हाताशी असावी.

विमानात फारसे शिकण्यासारखे नसते. ओळीचा क्रमांक आणि आसनाचे अक्षर सामान ठेवण्याच्या कप्प्याखाली लिहिलेले असते, पट्टा कसा बांधायचा ते कर्मचारी दाखवतात, आणि उतरताना कानांना दडे बसल्यासारखे झाले तर आवंढा गिळावा किंवा जांभई द्यावी.

विमानाला उशीर झाला तर

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केलेले असेल, तर कंपनीने अल्पोपाहार द्यायचा असतो. लांबच्या प्रवासासाठी ही मर्यादा तीन किंवा चार तासांची आहे. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, यांपैकी निवड करण्याचा हक्क प्रवाशाला आहे. हे स्वतःहून कोणी सांगेलच असे नाही. गेटवरील कर्मचाऱ्याशी आवाज चढवून काही मिळत नाही, नियमाचा उल्लेख करून शांतपणे विचारले तर निदान फूड कूपन मिळते. या विमानातून उतरल्यावर पुढची रेल्वे किंवा दुसरे विमान वेगळ्या तिकिटावर काढलेले असेल, तर मात्र ते चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून मध्ये भरपूर अंतर ठेवावे.

मुंबईत उतरल्यावर

परतीच्या प्रवासात बॅगा फिरत्या पट्ट्यावर येतात. कोणत्या पट्ट्यावर, ते विमानाच्या क्रमांकासमोर फलकावर दिसते. काळ्या आणि निळ्या बॅगा एकसारख्या असतात. हँडलला जुन्या साडीची रंगीत किनार बांधली, तर आपली बॅग लांबूनही ओळखता येते. उचलल्यावर पट्टीवरील क्रमांक हातातील तुकड्याशी ताडून पाहावा. बॅग आली नाही किंवा मोडलेली आली, तर त्या दालनातून बाहेर पडण्याआधीच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. एकदा बाहेर पडल्यानंतर केलेली तक्रार कंपनी सहजासहजी मानत नाही.

न्यायला येणाऱ्या नातेवाइकांशी "मी बाहेर उभा आहे" एवढेच बोलून भागत नाही, कारण टर्मिनल २ च्या बाहेर शेकडो माणसे त्याच वेळी बाहेरच उभी असतात. जवळच्या दाराचा किंवा खांबाचा क्रमांक सांगावा, आणि गाडी घेऊन येणाऱ्याने प्रवाशाचा फोन आल्यावरच जवळ यावे; रस्त्याकडेला फार वेळ थांबू देत नाहीत.

कोणी न्यायला येणार नसेल, तर दिवसा मेट्रो ३ उत्तम. रात्री प्रीपेड टॅक्सीचा काउंटर इमारतीच्या आतच शोधावा आणि बाहेर "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत मागे लागणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. प्रीपेड टॅक्सीच्या पावतीवर गाडीचा क्रमांक असतो. ती पावती घराच्या दारात उतरून सामान ताब्यात आल्यावरच चालकाला द्यावी. रिक्षा उपनगरांतच चालतात. वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे, शहराच्या बाजूला त्यांना जाता येत नाही, म्हणून दादर, परळ किंवा गिरगावला जाणाऱ्याने रिक्षाच्या रांगेत उभे राहू नये.